तोटा मोजतात, तिजोरी कोण मोजतं?
वाचकांचे प्रश्न : इंग्लिश फुटबॉल आणि पैसा

इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या जमाखर्चावर लिहिल्यापासून पत्रं थांबलेली नाहीत. काही रागावलेली आहेत, बरीचशी गोंधळलेली. गोंधळ रास्त आहे. सामना जिंकून मिळवलेले गुण हिशेबाच्या वहीमुळे जातात, ही गोष्ट मलाही पचायला वेळ लागला होता. नव्या वाचकांसाठी सांगते : मी ल्युटनमध्ये एकतीस वर्षं राहते, छोट्या उद्योगांची हिशेबतपासणी करून पोट भरलं, आणि ल्युटन टाउनचे सामने बघत इथली झाले. उत्तरं देताना या दोन्ही गोष्टी मध्ये येतील.

प्रश्न : मालकाने स्वतःचे पैसे बुडवले तर तो त्याचा प्रश्न. त्याची शिक्षा मैदानावर का? एव्हर्टनचे आधी १० गुण कापले, मग ६ केले. नक्की काय मोजलं त्यांनी?

आधी मोजमाप सांगते. प्रीमियर लीग ही इंग्लिश फुटबॉलची सर्वांत वरची पातळी. तिचा नफा आणि शाश्वततेचा नियम, ज्याला सगळे पीएसआर म्हणतात, २०१३-१४च्या हंगामापासून लागू झाला. तीन हंगामांचा करपूर्व तोटा एकत्र धरायचा आणि तो १० कोटी ५० लाख पौंडांच्या आत ठेवायचा. त्यातले पहिले दीड कोटी सोडले, तर उरलेला तोटा मालकाने भागभांडवल घालून भरून काढलेला हवा, क्लबच्या डोक्यावर कर्ज म्हणून नाही. अकादमी, महिला संघ, समाजकार्य, स्टेडियमची बांधकामं यांवरचा खर्च तोट्यातून वजा होतो, कारण असा खर्च क्लबांनी करावा अशीच इच्छा आहे. एक पायरी खाली, चॅम्पियनशिपमध्ये, हीच मर्यादा तीन वर्षांना ३ कोटी ९० लाख.

२०२१-२२ला संपलेल्या तीन वर्षांच्या हिशेबात एव्हर्टनचा तोटा निघाला १२ कोटी ४५ लाख. म्हणजे मर्यादेच्या वर १ कोटी ९५ लाख. क्लब तेव्हा ब्रॅमली-मूर गोदीत नवं स्टेडियम बांधत होता आणि त्यासाठीच्या कर्जाचं व्याज कुठे धरायचं यावर मोठा वाद झाला. नोव्हेंबर २०२३मध्ये प्रकरण ऐकणाऱ्या स्वतंत्र आयोगाने १० गुण कापले. अपिलात फेब्रुवारी २०२४मध्ये ते ६ झाले, कारण क्लबने लपवाछपवी केली असा जो सूर पहिल्या निकालात होता तो चुकीचा ठरला, आणि आधीच्या शिक्षांशी तुलनाही नीट झालेली नव्हती. पुढे त्याच हंगामात, नंतरच्या वर्षाच्या हिशेबासाठी आणखी २ गुण गेले.

त्या तुलनेपाशी थोडं थांबा. मार्च २०१०मध्ये पोर्ट्समथचे ९ गुण कापले गेले. गुन्हा काय होता? क्लब दिवाळखोरीत निघून प्रशासकाच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेला होता, लोकांचे पैसे बुडाले होते. आणि एव्हर्टनने सगळ्यांचे पगार वेळेवर दिले, मालक पैसे घालत राहिला, तरी पहिल्या फटक्यात १० गुण. माझा या नियमावर जो आक्षेप आहे तो इथेच सुरू होतो. पीएसआर तोटा मोजतो. क्लबच्या तिजोरीत पुढच्या महिन्याच्या पगाराइतके पैसे आहेत का, हे मोजत नाही.

तरीही तुमच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत नाही. मालकाने स्वतःचे पैसे बुडवले तर प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. एका क्लबने पगार वाढवले की बाकी सगळ्यांना वाढवावे लागतात. शेजारी कर्ज काढून खेळाडू घेतो आणि तुम्ही काटकसर करता, तर मे महिन्यात हंगाम संपताना खालच्या पातळीवर तुम्ही ढकलले जाता. नॉटिंगहॅम फॉरेस्टचं प्रकरण मला म्हणूनच वेगळं वाटतं. तीनपैकी दोन हंगाम ते चॅम्पियनशिपमध्ये होते, त्यामुळे त्यांची मर्यादा ६ कोटी १० लाख. ती त्यांनी ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली. त्यांचं म्हणणं असं की ब्रेनन जॉन्सनला ३० जूनच्या आत विकला असता तर पैसे कमी मिळाले असते. १ सप्टेंबरला टॉटनहॅमने ४ कोटी ७५ लाखांच्या आसपास दिले, मग थांबणं शहाणपणाचंच नव्हतं का? व्यापारी म्हणून होतं. पण तोच खेळाडू ऑगस्टमध्येही त्यांच्याकडून खेळला, आणि ज्यांनी आपला खेळाडू जूनमध्ये विकला त्यांच्याकडे तो नव्हता. ४ गुण कापले गेले ते मला योग्य वाटले.

प्रश्न : ताई, मी सीएच्या इंटरला आहे. चेल्सी साडेआठ वर्षांचे करार का करायचं? आणि अकादमीतला खेळाडू विकला की “निव्वळ नफा” म्हणतात, तो कसा?

तुला हे कळायला दोन मिनिटं लागतील. खेळाडूची नोंदणी ही अमूर्त मालमत्ता. विकत घेतली की ट्रान्सफरची, म्हणजे आधीच्या क्लबला दिलेली, रक्कम कराराच्या वर्षांत समान वाटून खर्ची टाकायची, यंत्राचा घसारा सरळ रेषेत टाकतो तशी. जानेवारी २०२३मध्ये चेल्सीने एन्झो फर्नांडिसला १० कोटी ६८ लाखांना घेतलं आणि करार साडेआठ वर्षांचा केला. भाग जातो वर्षाला सुमारे १ कोटी २५ लाखांचा. पाच वर्षांचा करार असता तर २ कोटी १३ लाखांहून जास्त पडला असता. पैसा तोच, पण तीन वर्षांच्या खिडकीत दिसणारा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी कमी. त्या उन्हाळ्यात युरोपची फुटबॉल संघटना युएफाने आणि डिसेंबरमध्ये प्रीमियर लीगनेही वाटपाला पाच वर्षांची मर्यादा घातली.

आता दुसरी बाजू. क्लबने लहानपणापासून वाढवलेल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य असते, कारण तो विकत घेतलेलाच नसतो. मेसन माउंट सहाव्या वर्षापासून चेल्सीत होता. २०२३मध्ये मँचेस्टर युनायटेडने साडेपाच कोटी दिले, ते सगळेच्या सगळे त्याच वर्षीच्या नफ्यात. म्हणजे विकायची तुझी रक्कम एकदम दिसते आणि घ्यायची रक्कम पाच वर्षांत थोडी थोडी. आता कोणत्याही जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या बातम्या काढून वाच. ३० जूनला बहुतेक क्लबांचं हिशेबी वर्ष संपतं. २०२४च्या त्या आठवड्यात न्यूकॅसलने एलियट अँडरसनला, आठव्या वर्षापासून त्यांच्याकडे असलेल्या स्थानिक मुलाला, साडेतीन कोटींच्या आसपास किमतीला फॉरेस्टला दिलं आणि फॉरेस्टचा गोलरक्षक व्लाखोडिमोस सुमारे २ कोटींना न्यूकॅसलकडे आला. न्यूकॅसलच्या मालकांकडे पैसा नव्हता का? जगातल्या अतिश्रीमंत गुंतवणूक निधींपैकी एक त्यांच्या मागे आहे. तिजोरी भरलेली, पण वहीत खड्डा. तो बुजवायला घरचा मुलगा विकावा लागला.

मला हे फार लागतं. आपल्या गल्लीतला पोरगा पहिल्या संघात खेळताना बघणं, यासाठी माणसं आयुष्यभर त्याच खुर्चीवर बसतात. आणि नियम असा की त्याच पोराला विकणं वहीला सर्वांत फायद्याचं. अकादमीवरचा खर्च वजावटीत धरून नियमाने एका हाताने दिलं आणि या तरतुदीने दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

प्रश्न : हॉटेलं आणि स्टेडियम स्वतःलाच विकणं कायदेशीर कसं?

नियमात मनाई नव्हती म्हणून. चेल्सीने स्टॅमफर्ड ब्रिजजवळची दोन हॉटेलं समूहातल्याच दुसऱ्या कंपनीला ७ कोटी ६५ लाखांना विकली आणि तो पैसा नफ्यात आला. किंमत बाजारभावाला धरून आहे असं प्रीमियर लीगने मान्य केलं. युएफा असा नफा धरत नाही. चॅम्पियनशिपमध्ये हे आधीच होऊन गेलं होतं. डर्बी काउंटीने २०१८मध्ये प्राइड पार्क स्टेडियम आपल्याच मालकाच्या कंपनीला ८ कोटी ११ लाखांना विकलं. शेफील्ड वेन्सडेने हिल्सबरो विकलं.

डर्बीचं पुढे काय झालं ते बघा. सप्टेंबर २०२१मध्ये क्लब प्रशासकाकडे गेला, १२ गुण गेले. मग जुन्या हिशेबांसाठी आणखी ९. २१ गुण गमावून, प्रशिक्षक वेन रूनीच्या हाताखाली पोरांनी मैदानात ५५ गुण कमावले आणि तक्त्यात ३४ दिसले. खाली गेले. कागदावर ८ कोटींचा व्यवहार झाला होता, पण शेवटी पगाराला पैसे नव्हते. मालमत्ता एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवल्याने क्लबकडे नवं काहीच येत नाही. उलट मैदान आणि क्लब वेगळे झाले की पुढचा खरेदीदार दोनदा विचार करतो.

प्रश्न : तुम्ही ल्युटनच्या, म्हणून तुम्हाला मोठ्या क्लबांचा राग आहे. ल्युटन खाली गेलं ते चांगलं खेळलं नाही म्हणून. त्याचा नियमांशी काय संबंध?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिला भाग खरा आहे, ल्युटनला बाहेर ठेवून मला या विषयावर लिहिता येत नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर आकड्यांत देते.

२०२३-२४चा हंगाम. एव्हर्टनचे ८ गुण कापले, फॉरेस्टचे ४. ल्युटनचा एकही नाही. शेवटच्या दिवशी तक्त्यात एव्हर्टन ४०, फॉरेस्ट ३२, ल्युटन २६. अठराव्या क्रमांकावर, खाली. दोन्ही दंडित क्लब दंड भरूनही वर राहिले. ल्युटन मैदानात कमी पडलं, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण कोणापेक्षा कमी पडलं? ज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त खर्च करून संघ बांधले त्यांच्यापेक्षा. तो जास्तीचा खर्च किती गुणांचा होता हे कोणीच सांगू शकत नाही, आणि हीच या शिक्षेची मोठी अडचण आहे.

आता दुसरा तक्ता. २००८-०९, चौथ्या पातळीवरची लीग टू. दहा वर्षांत तिसऱ्यांदा प्रशासकाकडे गेलेल्या ल्युटनने तो हंगाम उणे ३० गुणांनी सुरू केला. १० गुण इंग्लिश फुटबॉलची मुख्य संघटना असलेल्या फुटबॉल असोसिएशनने कापले, जुन्या पदाधिकाऱ्यांनी एजंटांना नियम डावलून दिलेल्या पैशांसाठी. २० प्रीमियर लीगखालच्या तीन पातळ्या चालवणाऱ्या फुटबॉल लीगने, कारण घेणेकऱ्यांशी रीतसर तडजोड न होता क्लब दिवाळखोरीतून बाहेर आला होता. ज्यांनी चुका केल्या ते निघून गेले होते. क्लब विकत घेणारे नवे मालक चाहत्यांपैकीच होते, शिक्षा त्यांच्या पदरात पडली. त्याच लीगमध्ये बोर्नमथ आणि रॉदरहॅम उणे १७वर होते, ते तरले. आमच्या पोरांनी ५६ गुण मिळवले. त्यातून ३० वजा करा : २६. पुन्हा तोच आकडा. ५६ गुणांवर ल्युटन आरामात वाचलं असतं. त्याऐवजी लीगमधूनच बाहेर गेलं आणि परतायला पाच वर्षं लागली.

त्या एप्रिलमध्ये, घसरण अटळ दिसत असताना, फुटबॉल लीग ट्रॉफीच्या अंतिम सामन्याला ल्युटनचे ४० हजारांहून जास्त लोक वेम्बलीला गेले. मीही होते. स्कन्थॉर्पला ३-२ने हरवलं. माझ्या शेजारी बसलेल्या वयस्क बाई रडत रडत एकच वाक्य म्हणत होत्या, “आम्ही काय केलं होतं?” त्यांना मी काही सांगू शकले नाही. आजही दंडाचं कोणतंही निकालपत्र वाचायला घेतलं की आधी मी त्यांना उत्तर शोधते, मग आकडे बघते.

नव्या मालकांनी नंतर कमाईच्या आत राहून क्लब चालवला. २०२३च्या मे महिन्यात कोव्हेंट्रीविरुद्ध पेनल्टींवर जिंकून प्रीमियर लीग गाठली. केनिलवर्थ रोडचं मैदान इतकं दाटीचं की पाहुण्या प्रेक्षकांचं प्रवेशद्वार ओक रोडवरच्या घरांच्या ओळीत आहे, आणि लोखंडी जिन्याने परसांवरून स्टँडमध्ये जावं लागतं. तिथे टीव्हीसाठी लागणाऱ्या सोयी करायला स्टँड उभा करणं आणि नव्या मैदानाची तयारी, पैसा तिकडे गेला. खेळाडूंवर उधळला नाही. मला त्याचा अभिमान आहे, तुम्ही त्याला काहीही म्हणा.

प्रश्न : इतके नियम असताना बरी क्लब बुडाला कसा?

बरी. १८८५ साली स्थापन झालेला, १८९४पासून लीगमध्ये असलेला क्लब. १९०३च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात डर्बीवर ६-० असा विजय. मँचेस्टरच्या उत्तरेचं छोटं गिरणगाव आणि त्याचं गिग लेन मैदान.

डिसेंबर २०१८मध्ये हा क्लब १ पौंडाला विकला गेला. एक पौंडाला क्लब मिळतो तेव्हा खरेदीदार कर्ज विकत घेत असतो. पुढच्या वसंतात पगार थकले, तरी खेळाडूंनी खेळून संघाला तिसऱ्या पातळीवर चढवलं. पगार न मिळणारी माणसं जिंकत होती! मैदान गहाण पडलेलं होतं. नव्या हंगामाचे सामने एकामागून एक पुढे ढकलले गेले, कारण पैसा कुठून येणार याचा पुरावा मालक देऊ शकला नाही. २७ ऑगस्ट २०१९ला सकाळी शेकडो लोक झाडू, रंगाचे डबे घेऊन गिग लेनवर जमले, शेवटच्या क्षणी खरेदीदार आला तर मैदान तयार हवं म्हणून. खरेदीदाराने त्याच दिवशी माघार घेतली. रात्री बरीला लीगमधून काढून टाकल्याचं जाहीर झालं.

खर्चाचा नियम तेव्हा नव्हता का? होता. तिसऱ्या पातळीवर खेळाडूंचा पगार उलाढालीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवायचा. पण मालकाने घातलेलं भांडवल आणि देणग्याही त्या उलाढालीत धरल्या जात. म्हणजे मालकाचा चेक येतो तोवर क्लब नियमात. चेक थांबला की पगाराचे करार तेवढेच राहतात आणि उत्पन्न कोसळतं. माझ्या कामात मी हे कितीदा पाहिलं आहे. नफ्यातला धंदासुद्धा रोकड संपली की एका महिन्यात बंद पडतो, आणि तोट्यातला धंदा मागे भक्कम माणूस असेल तर वीस वर्षं चालतो. कुठल्याही तपासनिसाचा पहिला प्रश्न हा असतो : पुढचे बारा महिने देणी भागतील का? फुटबॉलमध्ये हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

शेफील्ड वेन्सडेचंही तसंच. २०२५मध्ये महिनोन्‌महिने पगार उशिरा झाले, चाहत्यांनी मालकाच्या निषेधात तिकिटं घेणं बंद केलं. २४ ऑक्टोबरला क्लब प्रशासकाकडे गेला, १२ गुण गेले, डिसेंबरमध्ये आणखी ६. पण प्रशासक आल्याबरोबर तीच माणसं तिकिटांच्या आणि टी-शर्टांच्या रांगेत उभी राहिली, आता पैसा मालकाकडे न जाता क्लबकडे जाणार म्हणून. खिशातून पैसे देऊन आनंदलेले लोक मी फार थोड्या वेळा पाहिलेत.

बरीचं नाव पुसलं गेलं नाही, एवढं सांगते. चाहत्यांनी गिग लेन परत मिळवलं, आणि २०२३पासून बरी एफसी तिथे पुन्हा खेळतो आहे, कितीतरी पायऱ्या खाली.

प्रश्न : क्लब बुडाला की आधी पैसे कोणाला मिळतात?

फुटबॉलवाल्यांना. खेळाडूंचे थकलेले पगार आणि दुसऱ्या क्लबांची ट्रान्सफरची देणी पूर्ण फेडल्याशिवाय लीगमध्ये राहता येत नाही. कर खातं, केटरर, कपडे धुणारे, सगळे त्यांच्या मागे. पोर्ट्समथच्या घेणेकऱ्यांच्या यादीत सामन्याच्या दिवशी प्रथमोपचार करणारी सेंट जॉन अँब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. कर खात्याने या अग्रक्रमाला न्यायालयात आव्हान दिलं. २०१२मध्ये ते हरले.

माझा एक अशील सामन्याच्या कार्यक्रमपत्रिका छापायचा. एका क्लबने, नाव लिहीत नाही, त्याला पौंडामागे काही पेन्सवर गप्प केलं. चार कामगारांचा छापखाना होता. त्याने दोघांना काढलं. त्याच महिन्यात त्या क्लबच्या एका खेळाडूचे सगळे थकलेले पैसे चुकते झाले, ते मी बातमीत वाचलं. खेळाडूला मिळू नयेत असं मी म्हणत नाही, तोही कामगारच. पण छापखान्यातल्या माणसाची रांग शेवटची का, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

प्रश्न : सरळ सगळ्यांना सारखी पगारमर्यादा का लावत नाहीत?

लावली होती. १९६१पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून जास्त देता येत नसत. जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने ती मोडली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवू लागला. ऑगस्ट २०२०मध्ये तिसऱ्या पातळीच्या लीग वनला २५ लाख आणि लीग टूला १५ लाखांची वार्षिक मर्यादा पुन्हा आली. संघटनेशी ठरल्याप्रमाणे सल्लामसलत झाली नाही म्हणून फेब्रुवारी २०२१मध्ये लवादाने ती रद्द केली. नोव्हेंबर २०२५मध्ये प्रीमियर लीगपुढे “अँकरिंग”चा प्रस्ताव होता, म्हणजे सर्वांत कमी रक्कम मिळवणाऱ्या क्लबला प्रक्षेपण आणि बक्षिसांपोटी जे मिळतं, त्याच्या पाचपटीवर सगळ्यांच्या खर्चाची मर्यादा. १२ क्लब विरोधात गेले, ७ बाजूने. माझं मत त्या ७ जणांसोबत आहे, पण खेळाडूंशी बसून ठरवल्याशिवाय ते टिकणार नाही.

प्रश्न : २०२६-२७पासून काय बदलणार? आणि सरकारी नियामक नक्की काय करणार?

नोव्हेंबर २०२५च्या त्याच बैठकीत १४ विरुद्ध ६ मतांनी पीएसआरच्या जागी संघखर्चाचं प्रमाण आलं. खेळाडूंचे आणि मुख्य प्रशिक्षकाचे पगार, ट्रान्सफरचा वार्षिक भाग, एजंटांची दलाली ही सगळी मिळून फुटबॉलच्या उत्पन्नाच्या आणि खेळाडू विक्रीच्या निव्वळ नफ्याच्या ८५ टक्क्यांत बसवायची. युरोपात खेळणाऱ्यांना युएफाचं ७० टक्के. हॉटेल विकून आता भागणार नाही. मात्र ज्याचं उत्पन्न मोठं त्याचा ८५ टक्केही मोठा, तेव्हा लहान क्लबाची दरी भरेल अशी आशा धरू नका.

दुसरा निर्णय एकमताने झाला आणि त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. क्लबाकडे चालू खर्चापुरतं खेळतं भांडवल आहे का, धक्का बसला तर तरेल एवढी रोकड आहे का, देणी मालमत्तेपेक्षा जास्त तर नाहीत ना, अशा तीन चाचण्या. ही बातमी वाचली त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. सहा वर्षांपूर्वी गिग लेनवर झाडू घेऊन आलेल्या लोकांना हेच हवं होतं. पण या चाचण्या वरच्या वीस क्लबांच्या आहेत, आणि बुडतात ते खालचे.

तिथे नियामकाचं काम आहे. एप्रिल २०२१मधला युरोपातल्या बड्या क्लबांचा वेगळी सुपर लीग काढायचा डाव फसल्यावर माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली चाहत्यांचं म्हणणं ऐकून पुनरावलोकन झालं, आणि २१ जुलै २०२५ला फुटबॉल शासन कायद्याला राजसंमती मिळाली. वरच्या पाच पातळ्यांवरच्या क्लबांना स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल. पैसा कुठून येणार याची योजना द्यावी लागेल, मालकाची पारख होईल, मैदान विकायला परवानगी लागेल, बोधचिन्ह आणि रंग बदलताना चाहत्यांना विचारावं लागेल. प्रीमियर लीगमधून घसरणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत मिळणाऱ्या पॅराशूट रकमेचा प्रश्नही त्याच्यासमोर येईल. ती रक्कम मिळणाऱ्या क्लबांशी स्पर्धा करताना चॅम्पियनशिपमध्ये काही हंगामांत एकूण पगार एकूण उत्पन्नाच्या वर गेले आहेत. सगळं उत्पन्न पगारात, आणि वर उधारी.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझा आवडता क्लब बुडणार आहे का, हे मला घरबसल्या कसं कळेल?

कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर जा. इंग्लंडमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचे वार्षिक हिशेब तिथे फुकट मिळतात, क्लबांचेही. नफा-तोटा पत्रक सुरुवातीला बाजूला ठेव. लेखापरीक्षकाच्या अहवालात “गोइंग कन्सर्न”, म्हणजे धंदा पुढे चालू राहील का, हा शब्द शोध. तिथे “मटेरियल अनसर्टन्टी”, म्हणजे त्याबद्दल मोठी अनिश्चितता, असं लिहिलं असेल तर पूर्ण परिच्छेद वाच. क्लब कोणाच्या शब्दावर उभा आहे ते त्यात सापडेल. मग मागच्या टिपांमध्ये संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार बघ, मैदान कोणाच्या नावावर आहे ते बघ. “चार्जेस” या भागात काय काय गहाण आहे त्याची तारखेनिशी यादी असते. आणि हिशेब भरायची मुदत उलटून गेली असेल, तर ते सगळ्यात आधी टिपून ठेव. अडलास तर क्लबचं नाव आणि पानाचा क्रमांक लिहून पाठव, आपण पुढच्या अंकात ते पान सोबत वाचू.